संरक्षण अधिकारी जोडकामापुरता नको

महोदय,

गोव्यात समान नागरी कायदा आहे, म्हणून इथली बाई देशात सर्वांत सुरक्षित, असे व्यासपीठावरून वरचेवर ऐकायला मिळते. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या या कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, पत्नीचा सामाईक मालमत्तेत अर्धा हिस्सा असतो आणि तिच्या सहीशिवाय घर-जमीन विकता येत नाही, हे खरेच. पण तो हिस्सा प्रत्यक्ष हाती पडतो संसार मोडल्यावर किंवा नवरा वारल्यावर. रात्री मार खाऊन शेजाऱ्याच्या सोप्यावर येऊन बसलेल्या बाईला त्याचा उपयोग काय?

तिच्या उपयोगाचा कायदा वेगळा आहे. २००५ साली संमत झालेला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. बहुतेक बायकांना नवऱ्याला तुरुंगात घालायचे नसते. मार थांबायला हवा असतो, मुलांची शाळा सुटायला नको असते आणि राहते घर सोडायचे नसते. हे सगळे या कायद्याने मागता येते. घर तिच्या नावावर नसले तरी तिला तिथून हाकलता येत नाही. अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायद्यातच लिहिले आहे.

हे घडवून आणायचे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने. घटनेचा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे धाडणे, तिला मोफत वकील मिळवून देणे, जखमा असतील तर वैद्यकीय तपासणीला पाठवणे, गरज पडली तर निवाऱ्याची सोय करणे. एवढी कामे आणि गोव्यात वर्षानुवर्षे ती सोपवली कोणाकडे, तर गटविकास अधिकाऱ्यांकडे! पंचायतींच्या योजना, बांधकामांच्या तक्रारी, निवडणुकीची ड्युटी सांभाळून उरलेल्या वेळात. ते माणूस म्हणून वाईट नसतात, पण जिथे ग्रामसभेच्या वादांवरून रोज माणसे भांडत येतात, त्या कचेरीतल्या बाकड्यावर बसून नवऱ्याविरुद्ध कोण बोलेल? आणि गावच लहान. बाई कचेरीच्या पायऱ्या चढली की संध्याकाळच्या आत सासरी खबर. वर समजूत काढणारे आहेतच, "चवथ जावंदी, मागीर पळोवया" (गणेश चतुर्थी होऊ दे, मग बघू). चवथ झाली की दिवाळी येते.

पोलीस स्थानकातही तेच. "घरचे भांडण घरात मिटवा," हे वाक्य अजून गेलेले नाही. सत्तरी किंवा काणकोणच्या टोकावरून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी येणारी बाई अर्धा दिवस बसमध्ये घालवते, त्या दिवसाची मजुरी जाते आणि सोबत कोणी नसले तर पुढच्या तारखेला ती येतच नाही. मग आपण म्हणतो, तक्रार मागे घेतली, म्हणजे काही झालेच नसेल.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना महिला व बालविकास खात्याचे अधिकारी तालुका पातळीपर्यंत संरक्षण अधिकारी म्हणून नेमण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत ठरवली. आपल्या बारा तालुक्यांत त्याप्रमाणे कोण नेमले गेले, त्यांच्याकडे दुसरे काम नाही ना आणि त्यांत बायका किती, हे सरकारने जाहीर करावे. कायदा तर संरक्षण अधिकारी शक्यतो महिलाच असावी असे सांगतो. गंमत अशी की कर्तव्य टाळणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड आहे, म्हणजे न्यायालयाचा आदेश मोडणाऱ्या नवऱ्याइतकाच. फक्त अधिकाऱ्यावर खटला भरायचा तर आधी सरकारची परवानगी लागते.

नेमणुका होतील तेव्हा होतील. तोवर निदान प्रत्येक पंचायतीच्या फलकावर, आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीत संबंधित अधिकाऱ्याचे नाव, फोन आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा. त्याला ना वेगळा निधी लागतो, ना मंत्रिमंडळाची बैठक.

– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली