बर्फवाल्या आप्पांना, जळगावच्या प्रयोगशाळेकडून

आप्पा, राम राम.

तुमची अर्धी लादी रोज जाते कुठे, असं तुम्ही विचारत असता. सरबतात नाही, एवढंच उत्तर मिळत आलं. आज नीट सांगतो, कारण आभार मानायचे तर कशाचे ते कळायला हवं.

पेशीला बाहेरून निरोप आला की आतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटतो, काम झालं की निघतो. ही चिकटव-काढ फिशर आणि क्रेब्स यांनी 1950च्या दशकात सिएटलला उकलली. नोबेल मिळालं 1992 साली. आम्ही तोच फॉस्फेट मोजतो. ईजीएफ, म्हणजे पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन, घातलं की ईआरके नावाच्या प्रथिनावर तो साधारण 5 मिनिटांत चढतो आणि तासाभरात बराचसा उतरतो. म्हणून 0, 2, 5, 15, 30 मिनिटांना पेशींची एकेक ताटली थांबवायची, म्हणजे तुमच्या बर्फावर ठेवायची. पेशी फोडली की फॉस्फेट खुडणारी विकरं मोकाट सुटतात, आणि मे महिन्यातल्या जळगावात तर त्यांना रानच मोकळं. गारव्याने ती मंदावतात, मरत नाहीत. म्हणून त्यांना अडवायला पेशी फोडायच्या द्रावणात 1 मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट आणि 10 मिलिमोलर सोडियम फ्लोराइडही लागतं. (व्हॅनेडेट आधी पीएच 10 ला उकळून रंगहीन करायचं. पिवळं राहिलं तर उपयोग नाही.)

खरी मेख चुऱ्यात आहे. मोठे खडे असले की ताटलीखाली हवा राहते, बुडाला गारवा लागत नाही. तुम्ही गोणपाटात घालून मोगरीने बारीक करून देता, त्यावर थोडं पाणी शिंपडलं की ताटली सपाट बसते. तिरकी बसली तर द्रावण एका कडेला जातं, दुसरीकडच्या पेशी सुकतात. आणि लादीवरचं टाकीतलं खारं पाणी तुम्ही न सांगता धुऊन आणता! मीठ राहिलं तर बर्फ शून्याच्या खाली उतरतो, ताटलीतलं द्रावण गोठतं आणि पेशी भलत्याच वेळी फुटतात.

टोनी हंटर या शास्त्रज्ञाचं रेणू वेगळे करायचं द्रावण जुनं होतं, पीएच 1.9 चा 1.7 झालेला, त्यामुळे एरवी एकत्र पळणारे ठिपके वेगळे झाले आणि 1979 साली प्रथिनांतल्या टायरोसीन या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट सापडला. अशी चूक एखाद्यालाच फळते. बर्फ कमी पडला तर फॉस्फेट दाखवणारी पट्टी नुसती पुसट येते, आणि ती आम्ही तपासत असलेल्या औषधाने पुसट झाली की उशिराने, हे नंतर कुणाला सांगता येत नाही. पोरांच्या पीएचड्या त्या पट्टीवर उभ्या आहेत.

सोमवारी 15 ताटल्या आहेत. अख्खी लादी टाका, आणि वही घेऊन या, मागचा हिशेब राहिलाय.