सेक्रेटरी काकू, त्या निळ्या ठिपक्याबद्दल आभार

ती. काकू,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात न देता मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. हातात दिलं तर तुम्ही “त्यात काय एवढं” म्हणत घडी घालून पर्समध्ये टाकाल. शिवाय आपल्या डोंबिवलीत जुन्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या छताला आत्ताही ओल आलेली असणार, त्यांनाही उपयोग होईल.

२०२ च्या बाथरूमच्या छताला पोपडे धरले, तेव्हा निकाल आधीच लागला होता. ओल खाली, म्हणजे दोष वरच्यांचा, म्हणजे आमचा. वॉटरप्रूफिंगवाल्याने दारातूनच आत डोकावून टाइल्स उखडायच्या, कोबा काढायचा, सगळं नव्याने करायचं, असं ८०,००० रुपयांचं कोटेशन लिहून दिलं. २०२ च्या वहिनींनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला वगळलं. कमिटीतून तोडगा आला, “निम्मे-निम्मे करा आणि मिटवा.” ऐकायला समजूतदार, पण पाणी येतंय कुठून हेच कुणाला ठाऊक नसताना निम्मे करायचे कशाचे?

तेवढं एक तुम्हीच विचारलंत. “फोडाफोड नंतर, आधी पाणी शोधू.”

आमच्या बाथरूमला पाणी देणारा व्हॉल्व्ह तुम्ही रात्रभर बंद ठेवायला लावलात. भिंतीतला नळाचा पाइप गळत असेल तर त्यात कायम पाण्याचा दाब असतो, गळती अहोरात्र चालते. व्हॉल्व्ह बंद झाला की ती मंदावायला हवी. खाली थेंब सुरूच. मग नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या तोंडाला, बोळा लावून बाथरूममध्ये पाणी कोंडलंत, त्यात कपड्यांची नीळ कालवलीत. २०२ मध्ये स्टुलावर चढून ओलीच्या डागावर टिश्यू पेपर चिकटपट्टीने लावलात आणि कोपऱ्यात बॉलपेनने वेळ टाकलीत. दुसऱ्या दिवशी टिश्यू भिजून पिवळट झाला होता, निळा नाही. बोळा काढून तेच पाणी सोडून दिलं, तरी नाही. नवा टिश्यू लावलात आणि उरलेली नीळ आमच्या वरच्या ४०२ च्या बाथरूममध्ये ओतायला लावलीत. सकाळी वहिनींनीच हाक मारली. टिश्यूवर शाईच्या डागासारखा निळा ठिपका, कडेने पसरत चाललेला.

तेव्हा ४०२ च्या काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “म्हणजे आता खर्च माझा?”

तुमचं उत्तर मला पाठ झालंय. “पाणी कुणाचं ते सोडा, पाइप कुणाचा ते बघा.” डक्टमधल्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या, बीडाच्या चार इंची उभ्या पाइपचा सांधा, आमची लाइन त्याला मिळते त्याच्या जरा वरच, उकलला होता. ४०२ चं पाणी तिथून भिंतीत मुरून २०२ च्या स्लॅबमध्ये उतरत होतं. आमचं पाणी सांध्याच्या खाली पाइपात पडत असल्यामुळे नीळ आमच्याकडून गेलीच नव्हती. प्लंबरने डक्टमध्ये उतरून बोट लावून दाखवलं, तेव्हा सगळे गप्प.

खरं भांडण त्यानंतरचं, आणि ते तुम्ही आमच्यासाठी भांडलात. “आज यांचं केलं तर उद्या सगळे रांग लावतील,” असं मीटिंगमध्ये ऐकू आल्यावर तुम्ही आदर्श उपविधींची, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांच्या नमुना नियमांची, पुस्तिका उघडलीत. बाहेरच्या पाण्याच्या पाइपलाइन, ड्रेनेज लाइन, टाक्या, पंप, जिने, गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक पाइपमुळे किंवा पावसामुळे होणारी गळती: सगळं सोसायटीच्या खर्चात. घराच्या आतल्या संडास-सिंकमधून होणारी गळती त्या त्या फ्लॅटवाल्याची. मग विचारलंत, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के इतका दुरुस्ती निधी आपण मेंटेनन्सच्या बिलातून देतो, तो कशासाठी? मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या सिंकिंग फंडाला हात लावायचीही गरज पडली नाही. एक गृहस्थ तरीही सहकार न्यायालयाची भाषा करत होते. पाइपच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त होईल, हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की ते खालीच बसले.

२०२ च्या छताच्या प्लास्टरचं काय, हा प्रश्न जरा अवघड होता. उपविधींत प्लास्टरचा उल्लेख आहे तो गच्चीतून गळणाऱ्या शेवटच्या मजल्यापुरता. तुम्ही ते काम ठराव मांडून सोसायटीकडून करून घेतलात, कारण सळ्या गंजायला लागल्या होत्या, आणि गंज फुगून काँक्रीट सुटायला लागलं की तो एका घराचा प्रश्न राहत नाही. रंग मात्र वहिनींनी स्वतःच्या खर्चाने लावून घेतला. मला ही वाटणी रास्त वाटते. नुसतं पाइपवर निभावलं असतं तर २०२ वर अन्याय झाला असता.

आणि आम्हालाही तुम्ही मोकळं सोडलं नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. नहाणी ट्रॅपभोवतीच्या टाइल्सचे सांधे पोकळ झालेत, आज गळत नाहीत पण गळतील, ते तुमचं, सोसायटीकडे बिल आणू नका, असं सगळ्यांदेखत सुनावलंत. त्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचा पक्का मसाला, भरून घेतलंय. प्लंबर म्हणाला पूर्ण सुकेपर्यंत पाणी नको, म्हणून सध्या अंघोळीला आम्ही २०२ मध्ये जातो.

आपली,
३०२ मधली