भाऊबीजेला सिडनीला जाऊन आलो

पर्थ, 10 नोव्हेंबर 2024

तीर्थरूप आई व अण्णा यांस साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला ताईकडे जाऊन सुखरूप परत आलो. तिघेही खुशाल आहेत आणि ताईची तब्येत फोनवर वाटते तितकी उतरलेली नाही, तेव्हा आईने काळजी करू नये.

"एकाच देशात राहता, मग तीन वर्षांत एकदाही जायला जमू नये का?" हे आईचे बोलणे मनाला लागले होते. पर्थ हिंदी महासागराच्या काठी, सिडनी पॅसिफिकच्या, आणि मध्ये सगळा देश आडवा पसरलेला. विमानाच्या वाटेने हे अंतर सुमारे 3,300 किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरीहून मुंबईच्या साधारण दहापट आहे. रेल्वेने जावे तर 4,352 किलोमीटर आणि गाडीत तीन रात्री. वाटेत नलारबोरच्या झाडे नसलेल्या माळावर 478 किलोमीटर रुळाला एकही वळण नाही.

अण्णांनी विमानाच्या वेळेबद्दल विचारले होते. जाताना साधारण चार तास लागतात आणि येताना पाच, कारण इतक्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहतो. शिवाय उन्हाळ्यात सिडनीचे घड्याळ आमच्यापुढे तीन तास असते. त्यामुळे शनिवारी सकाळी दहाला निघालो तो तिथल्या संध्याकाळी पाचला उतरलो आणि रविवारी ओवाळून घेऊन पाचला निघालो तो इथे सातला पोहोचलो.

एक गोष्ट मात्र तुम्हाला पटणार नाही. ताईने माझ्या खोकल्यासाठी मधाची बाटली आणि पिशवीभर केळी दिली होती, ती मला पर्थच्या विमानतळावर पेटीत टाकावी लागली. देश तोच, तरी पूर्वेकडच्या राज्यांतून येणारी फळे, भाज्या, रोपे आणि मध यांवर इथे कडक निर्बंध आहेत. तिकडची फळमाशी इकडच्या बागांत येऊ नये, म्हणून ही खबरदारी. मधमाश्यांचे रोगही तिकडे अधिक. व्हरोआ नावाची त्यांच्यावरची कीड 2022 मध्ये सिडनीच्याच राज्यात सापडली. सामानाजवळ एक लहानसा कुत्रा हुंगत फिरतो आणि वास लागला की त्या पिशवीपाशी मुकाट्याने बसतो. तो माझ्या पिशवीपाशी बसला. कोणी रागावले नाही, दंडही झाला नाही, पण ताईच्या हातची बाटली टाकताना जिवावर आले. बेसनाचे लाडू मात्र घरापर्यंत आले.

परतीच्या विमानात एक विचार सुटत नव्हता. पर्थहून पाच तासांत सिंगापूर येते, म्हणजे मुंबईची निम्मी वाट सरते. अण्णांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रजा मिळत नव्हती हे खरे, पण मी नेटाने मागितलीही नव्हती. डोळ्यांत औषध वेळेवर घालत आहात ना?

धाकटीच्या स्थळाबद्दल वाचून फार आनंद झाला. मुलाकडच्यांना मार्गशीर्षातला साखरपुडा सोयीचा असेल तर माझ्यासाठी थांबू नये. ताईचेही हेच म्हणणे आहे. कार्यालयाच्या आगाऊ रकमेसाठी साठ हजार रुपये अण्णांच्या खात्यात पाठवले आहेत. त्यातून घराच्या कर्जाचा हप्ता भरू नये, तो मी दरमहा वेगळा पाठवतोच. लग्नाची तारीख ठरताच त्याच दिवशी कळवावी, म्हणजे या वेळी तिकीट आधी काढून मग रजा मागेन.

तुमचा,
बाळू