बागलाणचे बागूल राजे विस्मरणात जाऊ नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली, त्यांत आपल्या जिल्ह्यातील साल्हेर आहे, याचा प्रत्येक नाशिककराप्रमाणे मलाही अभिमान वाटतो. त्यानंतर घरच्या मुलांना घेऊन मी साल्हेरला गेलो. १६७२ ची लढाई, मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांचा पराक्रम, सूर्याजी काकडे यांचे वीरमरण हे सारे मुलांना तोंडपाठ होते. परंतु महाराजांनी गड घेण्याच्या कितीतरी आधी या डोंगरांवर कोणाचे राज्य होते, असे विचारल्यावर मुले गप्प झाली आणि बरोबरची मोठी माणसेही. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

सेलबारी-डोलबारीच्या रांगांमधून वाहत येणाऱ्या मोसम नदीच्या खोऱ्यात, म्हणजेच बागलाणात, चौदाव्या शतकाच्या आरंभापासून १६३८ पर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे, राठोड कुळातील बागूल घराण्याने राज्य केले. मुल्हेर ही त्यांची राजधानी. उत्तरेला गुजरातचे सुलतान, पूर्वेला खानदेशचे फारुकी, दक्षिणेला आधी बहमनी व नंतर निजामशाही, असे बलाढ्य शेजारी असताना हे छोटे राज्य टिकले ते डोंगराच्या आडोशामुळे आणि प्रसंग पाहून खंडणी देण्याच्या शहाणपणामुळे. मात्र आडोशाला असले तरी ते जगापासून तुटलेले नव्हते. सुरतेहून बुऱ्हाणपूर आणि दख्खनकडे जाणारा व्यापार याच भागातून होत असे आणि मुल्हेरला पाडलेले महमुदी हे चांदीचे नाणे सुरतेच्या बाजारात चालत असे. ‘ऐन-इ-अकबरी’त या राज्याचे आठ हजार घोडदळ, पाच हजार पायदळ आणि सात किल्ले नोंदलेले आहेत, आणि त्याच नोंदीत इथल्या द्राक्षांचे व डाळिंबांचेही कौतुक आहे. सटाण्याच्या बाजारात डाळिंबाचे क्रेट उतरताना पाहिले की मला ती नोंद आठवल्यावाचून राहत नाही.

या घराण्याचा इतिहास त्याच्याच दरबारात लिहिला गेला, ही तर आपल्या भागाला क्वचितच लाभणारी गोष्ट आहे. बागूल राजा नारायणशहाच्या आश्रयाला असलेल्या रुद्रकवीने शके १५१८ मध्ये, म्हणजे १५९६ साली, मयूरगिरीवर ‘राष्ट्रौढवंश’ हे वीस सर्गांचे संस्कृत महाकाव्य पूर्ण केले. मयूरगिरी म्हणजेच आपले मुल्हेर. काव्य म्हटले की स्तुती आलीच, पण इथल्या राजांची वंशावळ, लढाया आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध त्यातूनच कळतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने ते १९१७ मध्ये छापले, म्हणजे त्यालाही शतक उलटून गेले.

नारायणशहाचा मुलगा प्रतापशहा याचा उल्लेख जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत केला आहे. गादीवर येणाऱ्या प्रत्येक राजाला ‘बहिर्जी’ म्हणण्याचा या घराण्याचा रिवाजही त्याने तिथे नोंदवला आहे. पुढे दख्खनचा सुभेदार झालेल्या औरंगजेबाने मुल्हेरला वेढा घातला. माची पडल्यानंतर तेव्हाच्या बहिर्जीने, म्हणजे बागूल राजाने, आपल्या आईला किल्ल्यांच्या किल्ल्या घेऊन बोलणी करण्यासाठी पाठवले आणि १६३८ मध्ये सुलतानपूर परगण्याच्या बदल्यात राज्य सोडले. मोगल दप्तरात या प्रांताची नऊ किल्ले, चौतीस परगणे व एक हजार एक गावे अशी मोजदाद झाली. किल्ल्या घेऊन गड उतरणाऱ्या त्या राजमातेचे नावही आज कोणाच्या ओठी नाही, याचे मला फार वाईट वाटते.

राज्य गेले तरी मुल्हेर उजाड झाले नाही. उद्धव महाराजांच्या समाधी मंदिरात कोजागरीला आजही रासक्रीडेचा उत्सव होतो. गडावरची सोमेश्वर व गणेशाची मंदिरे, तलाव आणि राजवाड्याचे अवशेषही तग धरून आहेत, पण उघड्या राजवाड्याच्या भिंती किती पावसाळे काढतील?

म्हणून पुरातत्त्व विभाग, जिल्हा प्रशासन आणि आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून अभ्यासकांना माझी कळकळीची विनंती आहे. साल्हेरच्या वारसास्थळाची माहिती देताना तिची सुरुवात महाराजांनी गड घेतला त्या १६७१ पासून न करता बागूलांपासून करावी. मुल्हेर आणि त्याच्या शेजारचे मोरा व हरगड या किल्ल्यांवरील अवशेषांचे मोजमाप व छायाचित्रण पुढच्या पावसाळ्याआधी व्हावे. आणि रुद्रकवीच्या काव्याचे सोप्या मराठीतले सटीप गद्य भाषांतर बागलाण तालुक्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे. भाषांतराची प्रत तपासून देण्यासाठी संस्कृतचे निवृत्त शिक्षक आपल्या शहरात नक्कीच पुढे येतील, आणि मुद्रिते वाचण्याचे काम मी स्वतः आनंदाने करीन.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक