वटवाघळं मारू नका, पण हातही लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात वटवाघळांवर काही छापून आलं की लोकांचे लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो रोग पसरवतात हाकलून द्या नाहीतर मारून टाका, दुसरा म्हणतो बिचारी काही करत नाहीत राहू द्या की माळ्यावर, आणि मला दोन्ही अर्धवट वाटतं म्हणून हे लिहितोय.

घराच्या पत्र्याखाली, भिंतीच्या फटीत राहतात ती बहुतेक छोटी, किडे खाणारी वटवाघळं. रात्रभर डास, पतंग, पिकावरचे किडे खात फिरतात, आणि पिल्लाला दूध पाजणारी मादी तर एका रात्रीत जवळपास स्वतःच्या वजनाइतके किडे खाऊ शकते. फुकटात एवढं काम दुसरं कोण करणार? बरं, मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू होतं, त्यामुळे एकदा मारून टाकली की त्यांची संख्या पटकन भरून येत नाही.

आता भीतीचं बघू. निपाहचं नाव ऐकून लोक घरातल्या छोट्या वटवाघळांवर काठ्या घेऊन धावतात, पण तो व्हायरस मुख्यतः झाडांवर लटकणाऱ्या फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत सापडतो, मलेशियात 1998-99 ला आणि केरळात 2018 ला साथ आली तेव्हाही संशय त्यांच्यावरच होता. तेव्हा झाडाखाली पडलेलं अर्धवट कुरतडलेलं फळ खाऊ नका, एवढं तरी पाळा.

घरातल्या वटवाघळांबाबत मला जास्त काळजी वाटते ती दोन गोष्टींची. एक म्हणजे रेबीज. जगात माणसांना रेबीज होतो तो बहुतेक कुत्र्यांमुळेच, पण अमेरिकेत कुत्र्यांचा रेबीज आटोक्यात आल्यावर आता वटवाघळांमुळे होणाऱ्या केसेस जास्त दिसतात. सगळ्या वटवाघळांना रेबीज नसतो, अगदी थोड्यांनाच असतो, पण जे दिवसाढवळ्या जमिनीवर पडलेलं असतं, उडता येत नाही, तेच आजारी असण्याची शक्यता जास्त आणि नेमकं तेच मुलं कौतुकाने उचलतात! त्याचे दात इतके बारीक की चावल्याची खूण दिसेलच असं नाही. म्हणून चावलं, ओरखडलं, किंवा झोपलेल्या माणसाच्या खोलीत सापडलं तर चावलेली-ओरखडलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही, लस मात्र वेळेत घेतली तर काम होतं.

दुसरी गोष्ट लेंड्यांची. माळ्यावर वर्षानुवर्षं साचलेला ढीग कोरडाच झाडला की त्यातली बुरशी धुळीबरोबर छातीत जाऊन फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो, त्यामुळे आधी पाणी शिंपडून ओलं करा, एन-95 मास्क आणि ग्लोव्हज घाला मगच उचला. ढीग फारच मोठा असेल तर स्वतः हात घालू नका, जाणकार माणूस बोलवा.

आणि घालवायचीच असतील तर धूर, डांबरगोळ्या, फटाके वगैरे नकोत, डांबरगोळ्यांचा वास उलट घरातल्या माणसांनाच त्रास देतो. ती बाहेर पडतात त्या फटीवर वरून आणि बाजूंनी पक्की, खालून मोकळी अशी जाळी लावतात, म्हणजे ती सरपटत खाली येऊन उडून जातात पण परत आत शिरता येत नाही. काही रात्री जाळी तशीच ठेवायची आणि आत एकही उरलं नाही याची खात्री झाली की बोटभर फटी सुद्धा बुजवायच्या. फक्त पिल्लं असतील तेव्हा हे अजिबात करू नका, आया बाहेर अडकतात, न उडणारी पिल्लं आत मरतात आणि मग जो वास सुटतो तो विचारू नका. पिल्लं उडायला लागेपर्यंत काही आठवडे थांबावंच लागतं.

एक विनंती, पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा सोबत चावल्यावर काय करायचं याची छोटी चौकट टाका, मोठा फोटो एखादवेळी नसला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक