खारपाणपट्ट्यातील किडनीच्या रुग्णांची गावनिहाय मोजणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉ. मोहन राजापुरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराच्या रुग्णनोंदणीचा पहिला अहवाल 2012 साली ‘बीएमसी नेफ्रॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यासाठी, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागासाठी, आरोग्याचे नियोजन करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो आजही वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. देशभरातील 52,273 प्रौढ रुग्णांच्या या नोंदींत मधुमेहामुळे किडनी निकामी होत गेलेले सुमारे 31 टक्के होते आणि त्याखालोखाल 16 टक्के रुग्ण असे होते की, त्यांच्या आजाराचे कारणच निश्चित करता आले नाही. मधुमेही रुग्णांच्या तुलनेत हे रुग्ण वयाने लहान होते, त्यांच्यात स्त्रियांचे प्रमाण अधिक होते आणि ते अधिक प्रमाणात पाचव्या, म्हणजे अखेरच्या टप्प्यात तज्ज्ञांपर्यंत पोहोचले होते. सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गरीब रुग्णांमध्येही कारण न कळलेला हा विकार अधिक प्रमाणात आढळला.

संग्रामपूर, जळगाव जामोद, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतील कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. आमच्याच गल्लीतील चाळिशीच्या आतली एक शेतमजूर बाई पहाटेच्या एसटीने डायलिसिससाठी जाते. तिला साखरेचा आजार कधीच नव्हता. अन्न जाईना, मळमळू लागले, तेव्हा पित्त समजून ती गोळ्या घेत राहिली आणि पाय सुजल्यावर रक्त तपासले, तोवर दोन्ही किडन्या आकसल्या होत्या. आता फिस्टुला केलेल्या, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या हाताने तिला कापसाचे ओझे उचलता येत नाही, त्यामुळे आजारासोबत घरातली एक मजुरीही गेली.

गावात कारण विचारले तर एकच उत्तर मिळते: खारं पाणी. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि ज्याचा पांढरा थर हंड्याच्या बुडाशी खरवडूनही निघत नाही, त्या पाण्याबद्दल लोकांनी संशय घेणे स्वाभाविक आहे. प्रत्येक घराला गोडे पाणी मिळालेच पाहिजे, त्यासाठी कोणत्याही संशोधनाची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र आंध्रातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि मध्य अमेरिकेतील ऊसतोड मजूर यांच्यात असाच आजार अनेक वर्षे अभ्यासूनही तेथील संशोधकांना एका कारणावर बोट ठेवता आलेले नाही. भर उन्हात कष्ट करताना शरीरातील पाणी कमी होणे, कीटकनाशके, जड धातू अशा अनेक शक्यता ते पडताळत आहेत. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, फवारणी होतेच आणि किडनीला अपाय करू शकणारी कंबरदुखीची गोळी तर चहासोबत घेतली जाते. तेव्हा पाण्याचे नमुने घेऊन थांबणे मला अपुरे वाटते.

या अहवालाची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. त्यातील मोजणी रुग्णालयात पोहोचलेल्यांची आहे. भाडेतोड्याला पैसे नाहीत म्हणून घरीच मरण पावलेला माणूस त्यात नाही, तसेच आज शेतात राबणारा आणि आपली किडनी निम्मी खराब झाल्याचे ठाऊक नसलेला माणूसही नाही. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला अजून वाचवता येते, म्हणून मोजणी गावापासून सुरू व्हायला हवी.

उपकेंद्रात गरोदर मातांच्या लघवीतील प्रथिने पट्टीने तपासली जातात. ती पट्टी इतरांसाठीही वापरता येईल, परंतु केवळ तिच्यावर विसंबून चालणार नाही. कारण न कळलेल्या या विकारात लघवीतून प्रथिने फारशी जात नाहीत, त्यामुळे पट्टी निर्दोष दिसते आणि रुग्ण निर्धास्त होतो. रक्तातील क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) तपासून त्यावरून किडनीची गाळण्याची क्षमता काढणे आणि ती कमी आढळल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे, एवढे तरी व्हावे. आशाताई घरोघरी जातातच. त्यांना वेगळा मोबदला देऊन पाण्याचा स्रोत, उन्हातील काम, फवारणी आणि वेदनाशामक गोळ्या यांची माहितीही त्याच भेटीत नोंदवता येईल.

जिल्हा आरोग्य यंत्रणेने येत्या उन्हाळ्याआधी निदान एका तालुक्यात हे काम हाती घ्यावे आणि रुग्णांची नावे गुप्त ठेवून गावनिहाय आकडे ग्रामसभेपुढे मांडावेत, अशी मागणी आपल्या वृत्तपत्रामार्फत करीत आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा