काड्यांच्या पुलाला खर्चाचेही गुण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवात आइस्क्रीमच्या काड्यांचा ट्रस (त्रिकोणांनी जोडलेल्या सांगाड्याचा) पूल बांधण्याची स्पर्धा हमखास असते. नियम बहुतेक ठिकाणी एकच: पुलाने पेललेल्या वजनाला पुलाच्या वजनाने भागायचे, ज्याचा भागाकार मोठा त्याचा पहिला नंबर. माझी सगळी नोकरी पॉलिटेक्निकमध्ये स्ट्रक्चर्स शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतरही या स्पर्धांना मी परीक्षक म्हणून आवडीने जातो. पण हा नियम बदलायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

अलीकडेच एका स्पर्धेत पहिला आलेला पूल देखणा होता. काड्या उभ्या चिरून बारीक जाळी विणलेली, वजन नाममात्र. सांधे किती, असे विचारले तर मुलांनी मोजलेच नव्हते. शेजारी दुसऱ्या गटाचा साधा प्रॅट ट्रस (उभ्या काड्या आणि मध्याकडे उतरत्या तिरक्या काड्या) होता. तो थोडा जड, पण सांधे निम्म्याहून कमी आणि सगळे तुकडे मोजक्याच मापांचे. त्याला तिसरे बक्षीससुद्धा मिळाले नाही. पोलादी सांगाडे जोडणाऱ्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये चार दिवस काढलेल्या कुणालाही विचारा, तो दुसराच पूल निवडेल. पोलाद टनाच्या भावाने येते; पण कापणे, भोके पाडणे, गसेट प्लेट (सांध्यावर तुकडे एकत्र धरणारी पोलादी पाटी) बसवणे, बोल्ट आवळणे ही मजुरी सांध्यांमुळेच वाढते. पुढे पाणी आणि माती साचून गंज धरतो तोही बहुधा सांध्यातच.

ताकद आणि खर्च यांची ओढाताण हाच तर ट्रसचा खरा अभ्यास आहे. ६० सेंमी गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) पुलावर मधोमध २० किलो टांगले आणि ट्रसची उंची १० सेंमी असली, तर दोन्ही बाजूंच्या मधल्या वरच्या कॉर्डमध्ये (ट्रसच्या वरच्या कडेच्या आडव्या काडीत) मिळून ३० किलोचा दाब येतो. उंची १५ सेंमी केली की तोच दाब २० किलोवर येतो. मग उंची वाढवतच का जाऊ नये? कारण उभे मेंबर, म्हणजे उभ्या काड्या, लांब होतात, दाबाखाली लवकर वाकतात आणि काड्याही जास्त लागतात. कुठे थांबायचे हे कागदावर मांडून बघावे लागते, आणि ते मांडणाऱ्या मुलांना आज एकही गुण मिळत नाही.

चाचणीच्या वेळी मुलांचे डोळे बादलीतल्या वाळूवर असतात. मी वरच्या कॉर्डकडे बघत असतो. पूल खाली बसण्याआधी ती काडी बाजूला फुगू लागते, मग फेविकॉलचा सांधा कट्कन सुटतो. वरच्या दोन कॉर्ड मधोमध तिरक्या काड्यांनी नीट बांधल्या, तर बिनआधाराची लांबी निम्मी होते आणि सडपातळ मेंबरची ताकद (दाबाखाली काडी कधी वाकते हे सांगणाऱ्या) ऑयलरच्या सूत्राप्रमाणे चौपट. खर्च म्हणाल तर चार-दोन काड्यांचा.

सांध्याकडे आणि दाबातल्या मेंबरकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत मोठी असते. कॅनडातल्या क्वेबेक पुलाचा गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट केला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचे गणित वेळेवर नव्याने केले नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी खालची दाबातली कॉर्ड वाकली आणि ७५ कामगार गेले. मिनियापोलिसचा महामार्गावरचा ट्रस पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळून १३ जण दगावले. तिथे गसेट प्लेट अर्धा इंच जाडीच्या, म्हणजे हव्या होत्या त्याच्या जेमतेम निम्म्या निघाल्या.

आपल्याकडे १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. पादचारी मार्गासाठी आयआरसी ६ (इंडियन रोड्स काँग्रेसचे पुलांवरील भारांचे मानक) मध्ये दर चौरस मीटरला ४०० किलो आणि यात्रा-जत्रांची गर्दी होणाऱ्या ठिकाणी ५०० किलो भार धरायला सांगितले आहे. गर्दी पुलाच्या मधोमध टांगून राहत नाही. पाणी बघायला एका कठड्याशी लोटते. आपल्या स्पर्धेतली बादली मात्र कायम मधल्या सांध्यालाच.

आयोजकांना माझी विनंती आहे. काडीला आणि सांध्याला ठरावीक दर लावून पुलाची किंमत काढायला लावा, सांध्याचा दर जास्त ठेवा. भार एकदा मधोमध आणि एकदा एका बाजूला द्या. आणि चाचणीआधी प्रत्येक गटाने सर्वांत आधी तुटेल असे वाटणारी काडी लाल स्केचपेनने रंगवावी, किती किलोला तुटेल तेही लिहून द्यावे. अंदाज बरोबर आला तर त्याला भरघोस गुण असावेत, पूल कमी वजनाला तुटला तरी चालेल.

जानेवारी-फेब्रुवारीच्या महोत्सवांच्या नियमपत्रिका लवकरच छापल्या जातील. त्यात एवढे बदल करायला आयोजकांना एक पैसा जास्त लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त पॉलिटेक्निक शिक्षक, सांगली